जिनिंगची शंभरी

भगवंतरावांनी मोबाइल कानावरून काढला, पण खिशात टाकला नाही. दुसऱ्या हातात झेंडूचं तोरण तसंच लोंबत होतं.

"काय म्हणाला भूषण? गाडी वेळेवर आहे ना?" पूनमनं विचारलं. ती त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायची आणि आदिलाबादच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. उद्याच्या शंभरीच्या कार्यक्रमासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती खुर्च्या मांडायला आली होती.

"नाई येऊन राह्यला."

"का? तब्येत बरी नाही?"

"तब्येतीले काय धाड भरली त्याच्या! म्हणे, बाबा, नेटवर आता दुसरंच साल दिसून राह्यलं. शंभर कुठं झाले, एक्याण्णवच होतात. नऊ वर्षांनी करू, म्हणे. धूमधडाक्यात करू."

आईच्या तेरवीनंतर भूषण पहिल्यांदाच घरी येणार होता.

पूनमच्या हातातली खुर्ची अर्धवट उघडी राहिली. भगवंतरावांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या दारावर दगड होता, त्यावर 'बहमन १३४२' एवढंच कोरलेलं. कुण्या विद्यार्थ्यानं ते साल हिजरी धरलं आणि ऑनलाइन ज्ञानकोशात स्थापना १९२३ अशी लिहिली; त्यावरूनच ही शंभरी ठरली होती. पण बहमन हा हिजरी महिना नव्हे. तो निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सालातला. म्हणजे १९३२. काल दुपारी तिनं दगडाचा फोटो जोडून आकडा दुरुस्त केला होता. उद्या चार लोक ते पान उघडतील, तेव्हा ते बरोबर असावं, एवढंच तिच्या मनात होतं. भगवंतरावांना ती उद्याच सांगणार होती.

"काका, ते मी बदललं."

त्यांनी मान वर केली. "तुमी?"

"चूक होती. साल फसली आहे."

"फसलीच हाय. बरोबर केलं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काऊन नाई राहणार? माह्या बापानं जिनिंग सुरू केली, अन् आठ वर्षांनी मी झालो. आता मले त्र्याऐंशी. तुमी सायन्सवाल्या, करा बेरीज."

तिनं केली. ती बरोबर आली.

तिनं पर्समधून मोबाइल काढला, ते पान उघडलं. "मी परत तेवीस टाकते. आत्ताच. त्याला म्हणावं, पुन्हा बघ."

आकडा बदलला. खाली 'बदलाचे कारण' अशी चौकट आली. तिथं तिचा अंगठा थांबला. जाणूनबुजून चुकीचा आकडा तिनं आजवर कुठंच लिहिला नव्हता.

"राहू द्या, बाई. तिकीट रद्द करूनच फोन केला त्यानं."

तोरण एका खुर्चीच्या पाठीवर टाकून ते पहिल्या रांगेतल्या खुर्च्या सरळ करू लागले. त्या सरळच होत्या.

"पण काका, त्या पोरानं चुकीचं लिहिलं तेव्हाच तुम्ही बोलला का नाहीत?"

भगवंतरावांनी शेवटची खुर्ची जरा पुढं ओढली, पुन्हा मागं सरकवली.

"भूषण येऊन राह्यला होता ना."