बाकावरची पहिली जागा

अकराला दाराबाहेरचा, नंबर दाखवणारा कॉम्प्युटरचा पडदा सुरू व्हायचा होता, दहा वाजून गेले होते, आणि कारकूनबाईंना खुर्चीत बसवत नव्हतं. दोन ओळी टाइप करायच्या, उठायचं, दारातून डोकवायचं, परत येऊन बसायचं.

बाहेर लांब बाक होता. कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत लोक वहीतल्या नंबरानं बसत. दाराशी पहिला, मग दुसरा, असं पार पाण्याच्या पिंपापर्यंत. पिंपाशी बाईंचा धाकटा भाऊ बसायचा, त्रेचाळिसावा. पण वहीवर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता. वही मिटून परत उघडली की कुणाचा तरी कुणीतरी चार नावं वर चढलेला असे. म्हणून तर बाईंनी हा घाट घातला होता. एक जुना कॉम्प्युटर आणि घरी व्हिडिओ बघून बघून शिकलेली विद्या.

"सगळं फुकट मिळालं म्हणता?" मिस्त्री साच्यावरचं प्लास्टर खरवडत म्हणाले. "मग कुठंतरी गोम असणार."

"गोम नाही, चार प्रोग्राम आहेत, चार भिडू. लिनक्स मशीन चालवतो. मायएसक्यूएल नावं सांभाळतो. पीएचपी त्याच्याकडून ती मागून आणतो आणि अपाची पडद्यावर वाढतो."

"आणि तुम्ही?"

"मी चौघांची भांडणं सोडवते."

साडेदहाला चौघांचं एकदाचं जमलं. चालतंय का हे बघायला एखादं नाव हवं होतं. बोटांना पहिलं आलं ते बाईंनी टाकलं, आणि बाहेरच्या पडद्यावर उमटलं: १, आणि पुढं धाकट्याचं नाव.

कुबड्यांची टकटक पिंपापासून दारापर्यंत आली. पहिल्या जागेवरची शिंपीण मुकाट्यानं सरकली, तिच्यामागे सगळा बाक सरकला. बाई धावतच दारात आल्या.

"अरे, ते नुसतं चाचणीपुरतं होतं. काढतेय."

"राहू दे ना, ताई." धाकट्यानं आवाज खाली आणला. "इथं आठवड्याला सहा पाय होतात. त्रेचाळिसावा म्हणजे दोन महिने. छापखान्याचे मालक या महिन्यापुरते थांबलेत, नंतर दुसरा माणूस घेणार. आणि तू कुठं वशिला लावलास? मशीननं दिलाय नंबर."

बाईंनी शिंपिणीकडे पाहिलं. तिचं पायानं चालवायचं शिलाई मशीन आठ महिने घरात झाकून पडलं होतं.

"राहू द्या, बाई," शिंपीण म्हणाली. "आपल्या माणसाचं आपणच बघायचं. वहीतही तेच चालायचं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण ती अगदी समजुतीनं बोलली होती.

बाई आत आल्या. चष्मा पुसला, घातला, काढून परत पुसला. मग एका ओळीत ते नाव काढून टाकलं, वही उघडली आणि तिच्यातलं पहिलं नाव घातलं. पडद्यावर आलं: २, आणि पुढं शिंपिणीचं नाव.

"एक कुठं गेला?" मिस्त्रींनी विचारलं.

"एकदा दिलेला नंबर मायएसक्यूएल परत कुणाला देत नाही."

"पण सुधारता येत असेल की."

"येतो," बाई म्हणाल्या आणि पुढचं नाव टाइप करू लागल्या.

अकराला दोन मिनिटं असताना त्रेचाळिसावं नाव पडलं. त्याच्यासमोर ४४.

"उलट एकानं मागंच टाकलंस की गं," दारातून धाकटा म्हणाला. तो हसत होता की काय, ते बघायला बाईंनी मान वर केली नाही. टकटक पिंपाकडे गेली आणि थांबली, तरी त्यांची बोटं उगाचच कळांवरून फिरत राहिली.

दुपारी मिस्त्री चहाचा पेला घेऊन बाहेर आले. बाक आता पडद्याप्रमाणे बसला होता. दाराशी जागा मोकळी बघून ते टेकणार, तोच शिंपिणीनं त्या जागेवर हात ठेवला.

"तिथं नको," ती म्हणाली. "ती एक नंबरची आहे."