बारक्याचा दुसरा डाव

"हात काढा त्याच्यावरून," ताई म्हणाली.

इंजिनीअरबाईंनी कीबोर्डवरचे हात खरंच वर केले. समोर त्यांचा बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर होता. पहिला डाव नुकताच त्याने जिंकला होता.

"काही नाही हो ताई, मधल्या सुट्टीत जरा सुधारणा करत होते."

"जिंकून पोट भरलं नाही का त्याचं?"

हरला होता तो बारक्या, ताईचा धाकटा भाऊ. वजन शंभर किलो, डोक्याला टक्कल, पण ताईसाठी बारक्याच. क्लबातली पोरं त्याला सर म्हणायची. सर इथे बुद्धिबळ शिकवायचे. आता क्लबाला त्यांच्या जागी कॉम्प्युटर हवा होता. बरीच वादावादी होऊन ठरलं की दोन डाव खेळायचे. सरांनी एक जरी जिंकला तर सर राहतील. नाहीतर सरांनी घरी बसावं.

बारक्याला बुद्धिबळ लहानपणी ताईनेच शिकवलं होतं, आणि ही गोष्ट ती भेटेल त्याला सांगायची. त्यामुळे नियम ठरवायलाही तीच गेली. घर बांधताना तिने कंत्राटदाराला रडवलं होतं, तिच्यापुढे कॉम्प्युटरवाल्या कंपनीचा काय पाड लागणार? कॉम्प्युटरचं इंटरनेट तिने तोडायला लावलं. बारक्या बाथरूमला गेला की कॉम्प्युटरनेही विचार थांबवायचा, हे कबूल करून घेतलं. तेवढा वेळ इंजिनीअरबाई त्याला बंद करून वर टॉवेल टाकत. टॉवेलचा उपयोग काहीच नव्हता, पण ताईला बरं वाटायचं.

आता तिने पंचांना हाक मारली. पंच निवृत्त न्यायाधीश होते, नियमाबाहेर शिंकतसुद्धा नसत.

"पंचसाहेब, आणखी एक नियम करा. सकाळी जो जितका शहाणा होता, तितक्याच शहाणपणावर दुपारी खेळेल. सुट्टीत शिकवणी बंद. शिकवलं की डाव गेला."

"दोन्ही बाजूंना?" पंचांनी विचारलं.

"दोन्ही बाजूंना. उगाच कुणी म्हणायला नको की ताईने भावासाठी पक्षपात केला."

इंजिनीअरबाईंनी मान डोलावली. पंचांनी कॉम्प्युटरवर कागदाची पट्टी चिकटवून वर सही ठोकली. ताई समाधानाने डबा उचलून बारक्याला मागच्या खोलीत घेऊन गेली.

बरोबर सुट्टी संपताना दोघं बाहेर आली. बारक्याचे कान लाल झाले होते. डबा भरलेलाच होता.

"सर जेवले नाहीत?" इंजिनीअरबाईंनी काळजीने विचारलं.

"आज जेवणात लक्ष कुठलं त्याचं," ताई म्हणाली.

दुसरा डाव अगदी सकाळच्यासारखाच पुढे सरकला. जिथे सकाळी बारक्याने वजीर घालवला होता, त्याच जागी येऊन तो थांबला. मग त्याने घोडा उचलून पार कोपऱ्यात नेऊन ठेवला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

कॉम्प्युटर हसला नाही. तो विचार करत राहिला. मग त्याचा हत्ती गेला, मग उंट, आणि शेवटी इंजिनीअरबाईंनी उठून बारक्यापुढे हात केला. पोरांनी बाकं बडवून हॉल डोक्यावर घेतला. ताईने पदराने डोळे पुसले, आणि कुणी पाहिलं नसेल म्हणून पुन्हा एकदा पुसले.

"मानलं सर," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "पण हीच घोड्याची खेळी सकाळी का नाही केलीत?"

बारक्या आपल्या बुटांकडे बघू लागला. "ताई, चल, उशीर होतोय."

पण ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तिने हात हलवून पंचांनाही जवळ बोलावलं.

"त्याला काय विचारता, मला विचारा. सकाळी त्याला ती येत कुठे होती? सुट्टीभर समोर बसवून मी शिकवली, तेव्हा कुठे डोक्यात शिरली."