पाटाचं कुंकू

कमळाच्या हातात कुंकवाचा करंडा आला आणि मांडवातली कुजबुज बंद झाली.

समोर चटईवर गोकुळा बसली होती. तरणी विधवा, आरमोरीकडची. आज तिचा मुखरूशी पाट लागणार होता. मुखरू म्हणजे कमळाचा नवरा. मासेमार ढिवरांच्या या टोलीत रीतच होती, की दुसरी बायको घरात येताना पहिलीने आपल्या हाताने तिला कुंकू लावायचं. एकदा ते बोट टेकलं की पहिलीला तोंड उरत नसे. घरात राहिली तर चुलीपुरती, आणि माहेरी गेली तर तिला आणायला कोणी जात नसे.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. गावाने कमळाला वांझ ठरवून टाकलं होतं.

पण आता कमळाला वेगळंच काही कळलं होतं. मागल्या महिन्यात नर्स इंदुताईंनी तिला चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "तुझ्यात काही दोष दिसत नाही. मूल दोघांमुळे होतं. आता नवऱ्याला घेऊन ये. त्याचीही तपासणी करू." परतताना मोटारीत कमळाला जागेवर बसवत नव्हतं. वाटत होतं, उतरून पळत गाव गाठावं. घरी येऊन तिने सांगितलं, तर मुखरू जाळं झटकून उठून गेला आणि सासू भागीरथा पाट जमवायच्या मागे लागली.

"लाव वं," भागीरथा आता म्हणाली. "येळ टळून राह्यला."

"मामी, एक डाव यायले चांद्याले नेऊ द्या. मंग लावतो," कमळा सासूला म्हणाली.

मांडवात हशा उसळला. पंच पोचू खाटेवर मांडी ठोकून बसला होता. तो म्हणाला, "मरदाची तपासनी? उद्या म्हनशील, बोकडाची बी नाडी पाहा!"

"आन रेड्याले गोळी द्या!" मागून कोणी जोड दिली.

मुखरूची मान खाली गेली. कान लालबुंद झाले.

"पोचूभाऊ," कमळा म्हणाली. डोक्यावरचा पदर ढळला नव्हता, पण आवाज खणखणीत होता. "तलावातलं तुमच्याएवढं कोनाले समजत नाई. एक सांगा. मासोळीनं अंडी टाकली आन ती पांढरी पडून सडली. काऊन सडली?"

पोचू खुलला. माशांचा विषय निघाला की त्याला भान राहत नसे. "काऊन म्हंजे? नर आलाच नसंल. नाई तं आला, पन त्याचं दूध कच्चं. मादी बिचारी काय करंल? तिनं तं अंडी देल्ली. नराचं दूध पडल्याबगर अंडं जिवंत होत नाई, हे पोट्ट्यायले बी..."

तो थांबला. तोंड उघडंच राहिलं.

मांडवात बसलेला प्रत्येक पुरुष तलावावर वाढलेला. काठाजवळच्या गवतात अडकलेली ती पांढरी अंडी प्रत्येकाने पाहिली होती. नाही म्हणायला कोणाची जीभ रेटेना. बायकांच्या घोळक्यात मात्र एक जण फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्याच पदराआड हलू लागल्या.

"मानसाचं न् मासोळीचं एक असते का?" भागीरथा ओरडली.

"डॉक्टरीणबाई बी हेच सांगे, मामी," कमळा म्हणाली. "दुखत-खुपत नाई काई. काचेखाली पाह्यते फक्त. यायच्यात दोष नसंल, तं मी हासत कुंकू लावीन."

"बास झालं! लाव आधी!" भागीरथाने दटावलं.

कमळाने बोट कुंकवात बुडवलं. बोट कपाळाशी आलं तोच गोकुळाने झटकन मान मागे घेतली.

"नको लावू, बाई," ती म्हणाली. "दोष तिकडंच असंल, तं दोन वरसांनी मले बी वांझ म्हनतील. मंग मी कोनाच्या कपाळाले लावू?"

मुखरू उठला. सरळ कमळाकडे चालत आला. हात उगारतो की काय, म्हणून दोघं-चौघं पुढे सरकले. कमळा जागची हलली नाही.

मुखरूने घसा खाकरला. "दवाखाना कवा उघडते?"

कमळा भराभर बोलू लागली. "सकाळी! आत्ता बंडी जुपली तं दुपारची मोटार भेटते. रात्री इंदुताईच्या वळखीनं राहू. सकाळी पयला नंबर आपला!"

मुखरू बैल बंडीला जुंपायला वळला. मांडवात कोणी हसलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. सगळे पोचूकडे पाहत होते. पंच काय म्हणतो?

पोचू खाटेवरून हळूच उठला. त्याच्या घरी दोन बायका होत्या. तिसरीची बोलणी परवाच झाली होती. त्या घरात पाळण्याला दोरी कधी लागली नव्हती.

"थांब गा मुखरू," तो म्हणाला. "बंडीत मले बी जागा ठेव."