ओला रुमाल

बॉयलरच्या पाइपाला बांधलेल्या चिंध्या आज काढायच्या, असं नवा बॉयलरवाला म्हणाला आणि लाँड्रीतल्या बायकांचे हात होते तिथेच थांबले.

चिंध्या पुष्कळ होत्या. पांढरी, निळी, चादरीची किनार, कुणाच्या बाळाच्या दुपट्याची पट्टी. एकीवर एक, एकीत एक. त्यांच्याखाली दाबाची तबकडी पार बुडून गेली होती. काटा दिसत नाही, तो म्हणाला. आत वाफ किती चढली ते मला कळणार नाही, आणि मग मागच्यासारखं होईल.

मागचं कुणी बोलत नसे. एका सकाळी बॉयलर गुरगुरला, वाफ फुटली, जुना बॉयलरवाला भाजला आणि परत आला नाही. वाफ का फुटली ते मालकाने सांगितलं नाही, दुरुस्तीवाल्यानेही नाही. बॉयलर पुन्हा पेटला त्या दिवशी बायकांनी भिंतीकडे कान ठेवूनच काम केलं. बॉयलर दिवसभर नीट चालला. आणि त्या दिवशी पाइपावर इस्त्रीवालीचा हिरवा रुमाल होता.

बाकीच्या चिंध्या त्यानंतरच्या.

“आमची हाडं इथं झिजली. तू आलास परवा,” बडबडी म्हणाली. ती धुलाईच्या हौदावर असायची, आणि हौदाच्या नळासारखंच तिचं तोंड. “जुन्याची जागा आयती मिळाली, आता आमच्या चिंध्या खुपायला लागल्या.”

एरवी तिच्या बोलण्यावर सगळ्या हसत. आज कुणी हसलं नाही. सगळ्या त्याच्या हातांकडे बघत होत्या. बॉयलरवाल्याचे हात इतके स्वच्छ कसे?

पहिली चिंधी कुणाची, त्याने विचारलं. नजरा इस्त्रीच्या टेबलाकडे वळल्या.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. बॉयलर पुन्हा पेटला त्या संध्याकाळी ती रुमाल न्यायला विसरली होती. सकाळी घ्यायला गेली, तर कुणीतरी त्याच्यावर पांढरी चिंधी बांधून ठेवलेली. तेव्हा सांगायचं राहिलं. मग सांगायची सोय राहिली नाही. पण बॉयलरच्या भिंतीपलीकडे, पिळायच्या यंत्रावर, तिची मुलगी उभी असे. वाफ फुटली तर आधी तिच्या अंगावर.

“माझा रुमाल ओला होता,” ती म्हणाली. “वाळत घातला होता. बाकी काही नाही.”

घड्या घालणारी म्हातारी, जिला सगळ्या अक्का म्हणत, तिने मान वर केली नाही. चादरीची घडी हाताने दाबत तिने विचारलं, “दोरी सोडून तिथंच का गं घातलास?”

“पाइप गरम होता म्हणून.”

“तुला वाटलं गरम होता म्हणून. तुझा हात तिकडं कुणी नेला, ते तुला कसं कळणार बाई?”

बायकांनी माना हलवल्या.

“आज हिची पोर दिसत नाही ती,” बडबडी हौदातल्या पाण्याला म्हणाली.

ताप आलाय तिला, इस्त्रीवाली म्हणाली.

“बरा आजच आला.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. चिंध्या निघणार त्याच दिवशी पोर घरी. म्हणजे हिचं आणि बॉयलरवाल्याचं आधीच ठरलेलं. शेजारच्या बाईने आपली बादली तिच्या टेबलापासून हळूच पायाने सरकवली.

तेव्हा इस्त्रीवाली उठली आणि बॉयलरच्या खोलीत गेली. एकेक गाठ तिने नखांनी सोडवली आणि एकेक चिंधी बॉयलरवाल्याच्या हातावर ठेवली. दुपट्याची पट्टी सर्वांत जपून. तबकडी उघडी झाली. काटा मधोमध, शांत. सगळ्यांत खाली तिचा रुमाल होता. तो कधी बांधलेलाच नव्हता. बोट लावताच सुटून हातात आला.

आणि बॉयलर गुरगुरला.

कुठेतरी बादली कलंडली. बायका बाहेरच्या दाराशी पोचल्या, एकमेकींना धरून.

“पाणी भरतंय, मावशी,” बॉयलरवाला म्हणाला. “रोजच भरतं. काटा बघा, हललाय का?”

काटा हलला नव्हता. तिने नीट पाहिलं. आवाजही रोजचाच होता. इतके दिवस तो तिने इस्त्री फिरवता फिरवता ऐकला होता आणि कधी मान वर केली नव्हती. आज मात्र तिची बोटं रुमालात रुतली होती.

बायका एकेक करून परत आल्या, पण भिंतीजवळ कुणी गेलं नाही. दुपारभर तिच्याशी कुणी बोललं नाही. डबा खाताना अक्काने तिच्याकडे पाठ केली.

संध्याकाळी घरून निरोप आला. मुलीचा ताप उतरला होता. उद्या कामावर येते म्हणाली. इस्त्रीवाली फाटकापर्यंत गेली, थांबली आणि मागे वळली.

बॉयलरची खोली उबदार होती. काटा आपल्या जागी होता. पहिल्या वेळी तिने रुमाल पाठ फिरवता फिरवता नुसता टाकला होता. आता तिने तो पाइपाभोवती गुंडाळला, गाठ मारली, ओढून पाहिली, वर आणखी एक मारली. रुमालाचं टोक तबकडीवर उतरलं. तिने ते तसंच राहू दिलं.

दारात बॉयलरवाला उभा होता.

“वाळत घालताय का, मावशी?”

“हो,” ती म्हणाली.

रुमाल केव्हाचाच कोरडा होता.