किड्याला माणूस कळतो

नाकतोडा चौथ्यांदा उडाला. पुंजाराम तुरीच्या ओळीत पोटावर तसाच पडून राहिला. कॅमेऱ्यात नुसती धूसर हिरवी फांदी आली होती.

एसटीत कंडक्टर म्हणून तीस वर्षं उभ्यानं काढलेला हा गडी निवृत्तीनंतर आडवा झाला, तो किड्यांचे फोटो काढायला. तिसगावात आधी लोक हसले. मग नगरच्या प्रदर्शनात त्याला लागोपाठ तीन वर्षं पहिला नंबर मिळाला आणि हसणारेच सत्काराला हार घेऊन आले. चतुर असो की भुंगा, त्याच्या भिंगापुढे जागचा हलत नसे.

"किड्याला हात लावायचा न्हाई. किड्याला मानूस कळतो, आपलं मन शांत पायजे," असं तो माईकवर सांगायचा.

हा शांत मनाचा माणूस घरात बायकोवर मात्र खेकसायचा. पहाटे त्याच्यापुढे चहा ठेवून मनकर्णा पूजेची फुलं आणायला बांधाकडे जाई.

"तुज्या पायानं किडं उठत्यात. जात जाऊ नको तिकडं," असं त्यानं तिला चारचौघांत सुनावलं होतं. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

भाद्रपदात ती गेली. तेव्हापासून एकही किडा त्याच्यापुढे टिकला नव्हता, आणि प्रदर्शनाला फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस होता. जन्मभर तिला टाकून बोललो, त्याचीच ही शिक्षा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तिची माफी मागायचीही राहून गेली, हे फार लागत होतं.

घरी येऊन त्यानं कॅमेरा सुनेपुढे ठेवला.

"निकिता, ह्यो इकून टाक. माजा हात गेला."

भाकरी थापता थापता निकिता थांबली.

"मामा, रागावू नका. हात हाय तसाच हाय. आत्या सांजंला किडं धरून आनायच्या, डबीत घालून फ्रीजात ठिवायच्या, आन् तुमचा चहा पिऊन होईस्तोवर फांदीवर बसवून यायच्या. गारठलेला किडा घटकाभर हालत न्हाई."

पुंजारामानं जाऊन फ्रीजचं दार उघडलं.

"दवाखान्यात मला म्हनाल्या, माज्यामागं त्यांच्यासाठी येवढं तू कर," निकिता डोळ्याला पदर लावत म्हणाली. "पर मला किड्यांचं लई भ्या वाटतं, मामा."