भक्कम उत्तर

"किती लांब लांब सांगतं वो ताई. माहा हात मोडून येते."

दामिनी अगदी कानाशी कुरकुरली, तसं काजलला हसू आलं. काजलला जन्मापासून दिसत नव्हतं. बारावीचे पेपर ती तोंडी सांगणार आणि काकाची नववीतली दामिनी लेखनिक म्हणून लिहिणार, असं ठरलं होतं. त्याचाच सराव चालला होता.

"अर्थशास्त्राचं उत्तर असंच रायते," काजल म्हणाली. "आधी व्याख्या, मग स्पष्टीकरण, मग आपल्या गावातलं उदाहरण, शेवटी निष्कर्ष. नुसत्या व्याख्येवर कोणी पास नाई करत."

ही शिकवण प्रभाकरराव सरांची. असं उत्तर म्हणजे भक्कम उत्तर, असं ते म्हणायचे. पुस्तक मात्र आई वाचून दाखवायची. आई सातवीपर्यंत शिकलेली. 'सीमांत उपयोगिता' म्हणताना तिची जीभ दर वेळी ठेचकाळायची, पण वावरातून आली की हातपाय धुऊन ती वाचायला बसायचीच. मागणीचा वक्र काजलच्या डोक्यात शिरेना, तेव्हा आईनं तिचं बोट धरून परातीतल्या पिठात तो ओढून दाखवला.

"गिरडची टेकडी उतरल्यावानी," आई म्हणाली. "वरून खाली."

सरांनी हे उदाहरण वर्गात ऐकवलं. पुढचे कितीतरी दिवस आई आंजी गावात मास्तरीण असल्यासारखी वावरली.

पेपर सुरू झाले. दामिनीचा बॉलपेन कागदावर खरखर वाजायचा. आपलं बोलणं उतरतंय, हे काजलला त्या खरखरीवरूनच कळायचं.

अर्थशास्त्राचा पेपर शेवटचा. आदल्या दिवशी सर घरी आले. वर्ध्याच्या कॉलेजात त्यांचं बोलणं झालं होतं. काजल पास झाली की बीएला प्रवेश, आणि मुलींच्या वसतिगृहात जागा. आईनं चहा टाकला. तिथं पोरीचा हात धराले कोण राहीन, एवढंच तिनं विचारलं. सर हसले, म्हणाले, आता तिला हाताची काय गरज. आई कप उचलून आत गेली. त्या दिवशी तिनं पुस्तक वाचलं ते घसा बसेपर्यंत.

सकाळी आईनं दामिनीला दुकानातून आणलेला नवा जेल पेन दिला. यानं अक्षर ठसठशीत येते, म्हणाली. तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला, आणि वेणी घालून द्यायला दामिनीला अंगणात घेऊन गेली.

पेपरात काजल सुटलीच. एकामागून एक भक्कम उत्तर. गिरडची टेकडीही आली. फक्त खरखर येत नव्हती.

"लिहून राह्यली ना?" तिनं हळूच विचारलं.

"जेल पेन आहे ताई. आवाज नाई येत त्याचा." दामिनीनं नाक ओढलं. सर्दी झाली, म्हणाली.

निकाल लागला. बाकी विषयांत पहिला वर्ग, अर्थशास्त्रात नापास. सर चिडले. ऐन वेळी सगळं विसरली असशील, म्हणाले. काकू म्हणाली, झेपेल तेवढंच करावं माणसानं. लिहिणारीचं नाव मात्र कोणीच काढलं नाही. आईनं तिला कुशीत घेतलं, केसांवरून हात फिरवला. "जाऊ दे वो बाई. मी आहो ना."

पुरवणी परीक्षेआधी काजलनं सरांपुढं तो अख्खा पेपर पुन्हा तोंडी म्हणून दाखवला.  सर म्हणाले, यातलं निम्मं जरी कागदावर असतं, तरी तू पास होतीस.

ती घरी आली तेव्हा आई कणीक मळत होती. दामिनी उंबऱ्याशी डाळ निवडत होती. सुपातला आवाज ओळखीचा होता.

"या बारीनं लिहाले शेजारच्या ऋतिकले नेतो," काजल म्हणाली. "दामिनीनं माही उत्तरं गिळली. काऊन वो? मी तुहं काय वाईट केलतं?"

सूप थांबलं. दामिनीनं नाक ओढलं.

"आजबी सर्दीच का?"

परातीतले हातही थांबले.

"तिले काही बोलू नको," आई म्हणाली. "वाजणार नाई असा पेन मीच मागून आणलता. अन् व्याख्येच्या पुढं काही लिहू नको, हेबी तिले मीच सांगतलतं."