पगाराचं पाकीट

"हा डबा आजपासून माझ्या खोलीत राहील," कोकिळा म्हणाली आणि तेलाचा पंधरा किलोचा डबा तिनं पायानंच स्वतःकडं ओढला.

समोर तिची धाकटी जाऊ सुलक्षणा रिकामी कॅन घेऊन उभी होती. रोज दुपारी ती याच डब्यातलं तेल नवऱ्याच्या गाडीवर पोचवायची. तिचा नवरा अभिमन धुळ्याच्या स्टँडमागं मिरचीची भजी तळायचा.

"अक्का, गाडी खोळंबी जाई ना," सुलक्षणा हळूच म्हणाली.

"खोळंबू दे! तेल महागलं, सिलेंडर महागला, माझ्या मोनालीच्या क्लासची फी भरायला पैसे नाहीत. आणि आमच्या घामाच्या पैशावर तुमची कढई उकळते!"

कोकिळा रागावली की शुद्ध बोलायची. अलीकडं तिच्या तोंडून अहिराणी फारशी ऐकू येत नव्हती.

सुलक्षणानं सासूकडं पाहिलं. भिकुबाई गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

या घराची रीतच मुळी आंधळी, असं कोकिळाचं मत होतं. कमावणाऱ्यानं कमाई मायच्या हाती द्यायची, कुणी किती दिलं ते विचारायचं नाही. एक तारखेला तिचा नवरा नवल डाळ मिलच्या पगाराचं पाकीट आणायचा आणि माय ते न उघडता देवापुढं समईखाली ठेवायची. त्यामुळं घरखर्चाच्या नोटांना कायम तेलाचा वास. अभिमनही काहीतरी द्यायचा, पण मूठ झाकून. भजी विकून माणूस असा कितीसा देणार? नवल मात्र मिलमध्ये मुकादम. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

तिनं काटकसरीत काही बाकी ठेवलं नव्हतं. चहातलं दूध कमी केलं, भाजीतलं कूट बंद केलं. नवलही शहाण्यासारखा वागत होता. रिक्षा सोडून पायी जायचा. पूर्वी डाळीच्या धुळीनं त्याचे कपडे पिवळेधमक व्हायचे, दिवाळीपासून तो तेही जपू लागला होता. साबणाची वडी आता दुप्पट दिवस पुरायची. अशा माणसाच्या जिवावर भावानं मजा मारावी, याची तिला चीड यायची.

"आखाजी झाली की आपली चूल वेगळी," तिनं नवलला सांगून टाकलं.

नवल दचकला. "जरासा दम धर. हाई साल जाऊ दे."

"तुम्हीच धरा दम. तुमच्या भोळेपणावर भावाचा संसार चाललाय, कळतं का?"

मोनालीच्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं, ते काढायला तो तिच्याजवळ गेला. बोट लागताच पोर किंचाळली. त्याच्या हाताला तिखट होतं.

"शेजारना गोदाममा दोंडाईचानी मिरची उनी व्हती," तो पुटपुटला आणि हात धुवायला गेला.

दोंडाईचा तिचं माहेर. तिथल्या मिरचीचा ठसका तिला चांगला माहीत होता. तिनं पोरीच्या डोळ्यावर पाणी मारलं आणि विषय तिथंच संपला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली. दुसऱ्याच दिवशी चूल वेगळी झाली. कोकिळा भांडणाच्या तयारीनं पदर खोचून उभी होती, पण कुणी भांडलंच नाही. मायनं पीठ, डाळ मोजून दिली. अभिमन स्वतः म्हणाला, "वहिनी, तेलना डबाबी लई जा."

चोराच्या मनात चांदणं, कोकिळानं ताडलं. नाहीतर एवढा गरीब कसा झाला असता?

माय तेवढी म्हणाली, "घाई करी ऱ्हायनी तू, बाई."

एक तारीख उजाडली. आज पाकीट पहिल्यांदा कोकिळाच्या हातात पडणार होतं. फी भरायचा शेवटचा दिवसही आजच. क्लास सातला बंद व्हायचा. पाच वाजले, सहा वाजत आले, तरी नवलचा पत्ता नव्हता.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भावानं वाटेतच गाठलं असणार! गोड बोलून खिसा रिकामा करून घेतला असणार!

तिनं पायात चपला सरकवल्या. भजीवाल्याची वहिनी म्हणवून घ्यायची तिला लाज वाटायची, म्हणून त्या गाडीकडं ती कधी फिरकली नव्हती. आज मात्र ती तरातरा स्टँडमागं पोचली. चारचौघांत दिराची अब्रू काढायची हे तिनं वाटेतच ठरवलं होतं.

गाडीपुढं गिऱ्हाइकांची गर्दी होती. चोराला मुद्देमालासकट पकडावं म्हणून ती मागच्या बाजूनं गेली.

उलट्या डब्यावर नवल बसला होता. मांडीवरच्या परातीत हिरव्या मिरच्यांचा ढीग होता आणि एकेक मिरची तो सराईतपणे चिरत होता.

अभिमननं कढईखालचा जाळ बारीक केला. तेलकट हात फडक्याला पुसून त्यानं गल्ल्यातल्या नोटा काढल्या, एका खाकी पाकिटात भरल्या आणि पाकीट भावापुढं धरलं.

"धर दादा, तुना पगार. या महिनाले जरासा कमी शे. चुली दोन व्हयन्यात, मंग पाकीटंबी दोन भरनी पडतस."